बोरघाटातले बँकर आणि चाकाखालची वाळू

कर्जतला पुण्याकडची गाडी थांबली की अर्धा डबा वडापावच्या मागे आणि तेवढ्यात पाठून एक दणका बसतो, म्हणजे बँकर लागले. लोणावळ्यापर्यंत गाडीला मागून ढकलायला ही जास्तीची इंजिनं. पुढच्या इंजिनात दम नाही म्हणून हे करतात असं सर्रास समजलं जातं. दम असतो हो, पण चाक पोलादाचं, रूळ पोलादाचा, फार जोर लावला की चाक जागच्या जागी गरगर फिरणार आणि गाडी तिथेच.

ही भीती रेल्वेइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये आमाँतों नावाच्या शास्त्रज्ञाने १६९९ लाच मांडलं होतं की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेली जागा किती मोठी यावर नाही. म्हणजे इंजिन जड पाहिजे, पण तेव्हाचे बिडाचे रूळ जड इंजिनाखाली तुटायचे. हलकं केलं तर घसरेल. मग १८१२ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळच्या मिडलटन खाणीवर ब्लेंकिन्सॉपने रुळाच्या कडेला दातेच बसवले आणि इंजिनाला दातेरी चाक. वर्षभरात वायलमच्या खाणीवर विल्यम हेडलीने गुळगुळीत चाकांवर कोळशाच्या वाघिणी ओढून दाखवल्या आणि दात्यांची गरज बहुतेक ठिकाणी संपली. सपाटीवर.

घाटात प्रश्न परत उभा राहतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८६३ मध्ये बोरघाट सुरू केला, इंजिनिअर जेम्स बर्कली, आणि चढ सगळ्यात तीव्र तिथे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावर हा चढ स्कूटरलासुद्धा जाणवणार नाही, पण १००० टनाची गाडी घेतली तर नुसतं गुरुत्वाकर्षणच तिला २७ टनाच्या आसपास मागे खेचतं. आजचं १२० टनाचं, सगळ्या चाकांना मोटर असलेलं इंजिन कोरड्या रुळावर आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकं, थोडं जास्तच म्हणा, ओढू शकतं, म्हणजे ३० टन. त्यातले तीनेक टन इंजिनाला स्वतःचं वजन वर न्यायलाच लागतात. संपलं की गणित, आणि हे कोरड्या रुळावर हं, पाऊस अजून आलाच नाही. बँकर म्हणजे खरं तर रुळावर दाबणारं जास्तीचं वजन.

पावसात मजा अशी की धो धो पडला तर रूळ धुऊन निघतो, त्रास देते ती भुरभुर, कारण धूळ, तेल आणि थोडंसं पाणी मिळून चाकाखाली राबडी होते. त्यावर इलाज वाफेच्या काळापासून एकच, वाळू. इंजिनाला वाळूची पेटी, तिथून पाइप थेट चाकाच्या पुढे, ड्रायव्हरने बटण दाबलं की कोरडी बारीक वाळू रुळावर. एवढी इलेक्ट्रॉनिक्स आली तरी ती पेटी अजून आहे. वाळू ओली झाली की पाइपात गोळा होऊन बसते, म्हणून ती कोरडी ठेवणं हेही एक कामच.

उतरताना सगळं उलटं. तिथे चाक फिरत राहायला हवं, कारण ब्रेक जोरात दाबून चाक जाम झालं की ते रुळावर घासत जातं आणि घासणाऱ्या चाकाची पकड फिरणाऱ्यापेक्षा कमी, शिवाय चाक एका जागी चपटं होतं ते वेगळंच (मग डबा खडखड वाजत राहतो). बराच वेळ ब्रेक धरून ठेवला तर ब्रेकचे ठोकळे तापतात आणि पकड ढिली पडते. म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवली, चढावर जाणारा फाटा, सुटलेली गाडी तिकडे वळवायची म्हणजे चढच तिला थांबवतो.

१९२९ मध्ये पुण्यापर्यंत वीज आली तेव्हा घाटातल्या मालगाड्यांसाठी जी इंजिनं आणली, ज्यांना रेल्वेवाले खेकडा म्हणायचे, ती उतरताना मोटरचाच जनरेटर करून वीज परत तारेत सोडायची. ब्रेकचे ठोकळे त्यामुळे थंड राहायचे, शेवटच्या थांब्यासाठी.