शिळं पाणी आणि मुरलेली टाकी

काचेची टाकी विकत घेतली की तिच्यासोबत एक सल्ला फुकट मिळतो: "पाणी भरून चोवीस तास राहू द्या, मग मासे सोडा." लातुरात मी पहिली दोन फुटी टाकी घेतली तेव्हा मलाही मिळाला होता. मी जास्तीचं शहाणपण करून चांगलं दोन दिवस पाणी ठेवलं आणि मग चार गोल्डफिश सोडले. पाणी आरशासारखं नितळ. पाचव्या दिवशी सकाळी आईने हाक मारली, "मासे वर यायलेत बघ रे, तोंडं उघडायलेत." आठवडा भरला तेव्हा दोनच उरले होते. दुकानात गेलो तर पहिला प्रश्न आला, "पाणी किती तास ठेवलं होतं?"

दुकानदार खोटं काही सांगत नव्हता. तो पाणी शिळं करायला सांगत होता, आणि माझ्या टाकीला गरज होती मुरण्याची. दोन्हीत 'थांबा' हेच सांगायचं असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. इंग्रजीवाले ज्याला टाकी 'सायकल करणं' म्हणतात, त्याला मी मुरणं म्हणतो. सायकल म्हटलं की आमच्याकडे पंक्चरच आठवतं.

पाणी शिळं करायचं ते क्लोरीनसाठी. नगरपालिका पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर टाकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत आलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. आपल्याला ते चालतं, माशाच्या कल्ल्यांना मात्र पोळतं. उघड्या भांड्यात, हवेचा पंप लावून ठेवलं तर ते एका दिवसात उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते मिनिटांत निकामी करतं. एवढंच. त्या चोवीस तासांत याहून जास्त काही घडत नाही.

आता खरं सांगा, आपल्या भागात ताजं पाणी असतं कुणाकडे? नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठ. आला की ड्रम, कळशा, गच्चीवरची टाकी, सगळं भरून घ्यायचं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हापासून तर आमच्या गल्लीत रिकामा ड्रम कुणी टाकून दिलेला मी पाहिला नाही. म्हणजे टाकीत ओतलेलं पाणी आधीच चार दिवसांचं शिळं असतं. बोअरचं असेल तर त्यात क्लोरीन नसतंच. टँकरवाल्याने ब्लीचिंग टाकलं असेल तेवढाच अपवाद. पुण्या-मुंबईच्या माणसाने आठवणीने करायचं काम आपल्याकडे टंचाईच करून ठेवते, आणि तरीही मासे मरतात. माझे गोल्डफिश ताज्या पाण्याने मेले नव्हते, हे कळायला मला पुढचे सहा महिने लागले.

ते मेले अमोनियाने. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. नदीत, तळ्यात तो साचत नाही, कारण दगड-वाळूवर चिकटलेले जिवाणू तो खातात. हे काम दोन पायऱ्यांत चालतं. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच आहे, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा धापा टाकतो आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य असतं, पाणी बदलून आटोक्यात राहतं. शेतात टाकलेल्या युरियाचं पुढे असंच नायट्रेट होतं आणि कापूस ते उचलतो. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मुरणं म्हणजे या जिवाणूंची वस्ती टाकीत बसणं. ही वस्ती हळू वाढते. अन्न कुजवणारे साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना त्यासाठी बरेच तास, कधी एक दिवसही लागतो. म्हणून हा हिशेब तासांत करायचा नसतो. कोऱ्या टाकीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या पायरीचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं जुन्या पुस्तकांत असायचं. १९९८ साली संशोधकांनी मत्स्यटाक्या तपासल्या तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा नावाचे वेगळेच जिवाणू करताना सापडले. पुढे २०१५ मध्ये नायट्रोस्पायरांतलेच काही असे निघाले की जे दोन्ही पायऱ्या एकटेच पार पाडतात. बाटलीबंद जिवाणू विकत घेणाऱ्याने आत नेमकं कोण आहे हे विचारावं ते यासाठी. शिवाय मे महिन्यात बेचाळीस अंशांत, कुरिअरच्या गोदामात पडून राहून ती बाटली आपल्यापर्यंत येते. मी दोन घेतल्या. दोन्हींनी काही केल्याचं मला जाणवलं नाही.

शिळं पाणी आणि मुरलेली टाकी यांतला फरक एका प्रयोगात कळतो. सहा महिने चाललेल्या टाकीतलं सगळं पाणी उपसा आणि नव्या टाकीत ओता. जुन्या टाकीत ड्रममधलं पाणी भरा. आता मुरलेली टाकी कोणती? जुनीच. कारण जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेच्या बुळबुळीत थरावर बसलेले असतात. शिळेपण हा पाण्याचा गुण आहे, पाण्याबरोबर ते ओतून नेता येतं. मुरणं टाकीच्या अंगाला लागलेलं असतं. 'जुन्या टाकीचं दोन बादल्या पाणी टाक, लगेच होईल' हा सल्ला देणारे भले असतात, पण त्या दोन बादल्यांतून फक्त नायट्रेट येतं.

आजीच्या गावच्या हौदात गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याच्या माणसाने सोडलेले. फिल्टर नाही, पंप नाही, तरी त्यांची पिढ्यांवर पिढ्या चालू आहे. मी आजीला अमोनियाचं सांगितलं तर ती म्हणाली, "आम्ही हौद घासतच नाही बाबा, मासे मरतेत." हौदाच्या भिंतीवरचं शेवाळ आणि बुळबुळ हाच तिचा फिल्टर. वर पाणी भरपूर आणि मासे मोजके. पन्नास लिटरच्या टाकीत चार गोल्डफिश कोंबणारा मी, तिच्यापुढे काय बोलणार?

नव्या टाकीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी ताक मिसळल्यासारखं पांढुरकं होतं, त्यानेही लोक फसतात. काहींना वाटतं टाकी मुरली, काहींना वाटतं पाणी खराब झालं, आणि मग सगळं उपसून पुन्हा भरतात. हे ते साधे, झपाट्याने वाढणारे जिवाणू. आपोआप निवळतं, त्याला हात लावू नये. उलट बाजूने, नितळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी असंही नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

दिसतो तो थेंबांच्या किटमध्ये. काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी लावून पाहायचा. माझ्या किटमध्ये अमोनिया नसेल तर पिवळा, वाढत जाईल तसा हिरवा. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळा. नायट्रेटची दुसरी बाटली जोरात, अगदी हात दुखेपर्यंत हलवावी लागते, नाहीतर ती खोटा पिवळा, म्हणजे नायट्रेट नसल्याचा रंग, दाखवते. मी पहिले दोन आठवडे न हलवताच बघत बसलो होतो.

मुरवण्यासाठी मासे बळी देण्याची गरज नाही, जिवाणूंना फक्त अमोनिया हवा. तो नवसागरातून देता येतो. कल्हईवाला भांड्यावर चोळायचा तोच, अमोनियम क्लोराइड. बाजारातला बहुधा भेसळीचा असतो, शिवाय हातभट्टीवरच्या छाप्यांच्या बातम्यांत गुळाबरोबर नवसागर हमखास असतो, त्यामुळे किराणा दुकानात मागितलात तर मालक चष्म्यावरून बघतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध घ्यावा. ३ ग्रॅम नवसागर १०० मिलीलिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिलीलिटर ५० लिटरच्या टाकीत टाकलं की लिटरला साधारण २ मिलीग्रॅम अमोनिया होतो. फिल्टर अखंड चालू ठेवा. आधी फक्त अमोनिया दिसेल. आठवडा-दोन आठवड्यांनी तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. मग नायट्राइट बरेच दिवस हटता हटत नाही, माणसाचा धीर इथेच सुटतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच द्या. एक दिवस असा येतो की आज दिलेला अमोनिया उद्या याच वेळेला शून्य, आणि नायट्राइटही शून्य. तेव्हा टाकी मुरली. अर्ध्याहून जास्त पाणी बदलून साचलेलं नायट्रेट कमी करा आणि थोडेच मासे सोडा.

बोअरवाल्यांसाठी एक सावधगिरी. नायट्रेट दिसलं म्हणजे टाकी मुरली असं किटच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. खतांमुळे आपल्याकडच्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट मुळातच असतं. पिण्याच्या पाण्याची ४५ मिलीग्रॅमची मर्यादाही काही ठिकाणी ओलांडली जाते. म्हणून आधी ड्रममधलं पाणी तपासा, टाकीतलं नंतर. माझ्या एका मित्राने पहिल्याच दिवशी नायट्रेटची नळी केशरी झालेली पाहून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

बोअरच्या जड पाण्याचा फायदाही आहे. अमोनियाचं रूपांतर करताना जिवाणू पाण्यातला क्षार खर्च करतात. तो संपला की पाणी आम्ल होऊन काम थंडावतं. 'मासे नाजूक असतात' म्हणून जारचं आरओ पाणी भरणाऱ्यांच्या टाक्या दोन-दोन महिने अडकून पडतात त्या यामुळे. मात्र जड पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, चढा असतो आणि चढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी. २५ अंशांवर पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. तोच आकडा, दहापट घातक. न मुरलेल्या टाकीत मासे सोडण्याची चूक आपल्या पाण्यात जास्त महाग पडते.

सोडून बसला असाल तर खाणं जवळपास बंद करा, रोज पाव भाग पाणी बदला, आणि नायट्राइट दिसत असेल तर थोडं साधं मीठ घाला. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. बदललेलं पाणी कढीपत्त्याला द्या, त्यातलं नायट्रेट त्याला मानवतं.

पाण्याचं शिळेपण आणि टाकीचं मुरणं, या दोन गोष्टींची गाठ एका ठिकाणी मात्र पडते. टाकी मुरल्यावर महिन्याभराने स्पंज काळा होतो आणि कुणीतरी तो नुकत्याच आलेल्या नळाखाली खळखळून धुतो. ताज्या पाण्यातलं क्लोरीन वस्ती मारतं आणि टाकी पुन्हा जवळपास कोरी होते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, तोही हलक्या हाताने. वीज गेली तरी हीच काळजी. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबलं की काही तासांत आतले जिवाणू ऑक्सिजनवाचून गुदमरू लागतात. आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक आलं की मी स्पंज काढून टाकीतच मोकळा टाकून ठेवतो.

सहा आठवडे चुकवायचे असतील तर खात्रीची वाट एकच, विरजण. मागच्या दिवाळीत औशाच्या भाचीने टाकी घेतली. मी माझ्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापला, टाकीतल्याच पाण्यात बुडवून डब्यात ठेवला, झाकण नुसतं टेकवलं आणि एसटीने तासाभरात तिच्या फिल्टरमध्ये बसवला. तिने रोज संध्याकाळी नळीचे फोटो पाठवले. नवव्या दिवशी दोन्ही नळ्या, एक पिवळी आणि एक आकाशी. तिचा निरोप आला, "मामा, आता तरी सोडू का?" हौदातले पाच गप्पी आजीने आधीच बरणीत काढून ठेवले होते.