वाई परिसरात धावण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या कृषी पर्यटन केंद्रात मुक्कामाला येणारे बरेच पाहुणे हल्ली सामानात धावण्याचे बूट आठवणीने आणतात आणि पोहोचल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतात, तो दुसऱ्या दिवशी पहाटे कोणत्या रस्त्याने धावावे याचा. हे माहितीपत्रक त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. वाईच्या आसपास सुंदर रस्त्यांची उणीव नाही. परंतु हे रस्ते प्रथम शेतीच्या कामाचे आहेत, नंतर यात्रेकरूंचे व पर्यटकांचे, आणि त्यानंतर धावणाऱ्यांचे. त्यामुळे आपल्याकडे मार्ग निवडताना अंतरापेक्षा महिना आणि घड्याळ यांचा विचार आधी करावा लागतो, असा आमचा अनुभव आहे.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, कृष्णेच्या खोऱ्यात वसलेली आहे. पश्चिमेकडे जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाईत त्याच्या तुलनेत फारच थोडा. याचा धावणाऱ्याला होणारा उपयोग असा, की ऐन जुलैमध्ये घाटमाथा धुक्यात बुडालेला असतानाही खालच्या खोऱ्यात सकाळचे दोन-अडीच तास कोरडे मिळू शकतात. मात्र धोमच्या पुढे जसजसे पश्चिमेला सरकावे तसतसा पाऊस वाढत जातो. म्हणून वाईत ऊन पाहून बाहेर पडलेल्या पाहुण्यांनीही पावसाळ्यात अंगावर हलके जाकीट ठेवावे.

मेणवली आणि धोमचा रस्ता

आमच्याकडच्या मुक्कामात धावण्यासाठी एकच सकाळ मिळणार असेल तर हाच रस्ता घ्यावा. वाईच्या गणपती घाटापासून मेणवली सुमारे तीन किलोमीटर आणि धोम आठ-नऊ किलोमीटर अंतरावर आहे. म्हणजे मेणवलीला जाऊन परत येणे नवशिक्यांना झेपते आणि धोमपर्यंतची फेरी अर्धमॅरेथॉनच्या तयारीला पुरते. सुरुवात गणपती घाटावरूनच करावी असा आमचा आग्रह आहे, कारण गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पहाटेच्या शांततेत नीट पाहता येते. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून ती माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे, आणि नदीकाठी बांधकाम कसे करावे याचा हा धडा आजही जुना झालेला नाही.

गाव मागे पडले की दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद लागते. वाईची हळद प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तिची रुंद पाने कमरेपर्यंत येतात, तर काढणी झाल्यावर, साधारण जानेवारी ते मार्च या काळात, ती शिजवून खळ्यांवर वाळत घातली जाते आणि तिचा वास पहाटेच्या थंड हवेत दूरवर येतो. वाळवणावरून किंवा त्याच्या कडेने धावू नये, हे सांगावे लागू नये. तरीही सांगतो, कारण एका पाहुण्यांनी छायाचित्रासाठी तसे केले होते आणि त्याबद्दल शेतकऱ्याची क्षमा आम्हाला मागावी लागली.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट आहे. घाटावरील लहानशा देवळात टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची असून १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर मराठ्यांच्या हाती आलेल्या घंटांपैकी ती एक होय. घाटाच्या पायऱ्यांवर चढउताराचा सराव करण्याचा मोह धावणाऱ्यांना होतो, पण पायऱ्यांचे दगड शेवाळलेले असतात आणि सकाळी तेथे गावातल्या बायका धुणे धूत असतात. पायऱ्या चालत उतराव्यात, नदी पाहावी आणि पुन्हा रस्त्याला लागावे.

मेणवलीपासून धोमपर्यंतचा टप्पा हलक्या चढउताराचा असून उजव्या हाताला पांडवगडाचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. जाताना तोंड पश्चिमेकडे असल्याने ऊन पाठीवर येते. परतताना तेच थेट डोळ्यांवर येते, आणि त्या वेळी समोरून येणाऱ्या वाहनचालकाला आपण स्पष्ट दिसत असलो तरी आपल्याला तो दिसत नाही. म्हणून टोपी घ्यावी आणि आठच्या आत परतीचा बहुतेक भाग संपवावा. धोम गावातील नरसिंहाच्या देवळाजवळ शंकराचे मंदिर असून त्यासमोरच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. परतीच्या वळणासाठी यापेक्षा चांगली जागा आम्हाला माहीत नाही. गावाजवळच्या धोम धरणाच्या भिंतीवर विनापरवाना जाता येत नाही, त्यामुळे जलाशय पाहायचा असल्यास पुढच्या रस्त्याने थोडे वर जावे. तेथून समोर कमळगडाचा डोंगर दिसतो.

कालव्याची वाट

डांबरी रस्त्याने गुडघे दुखतात अशी तक्रार असणाऱ्यांना आम्ही धोम कालव्यालगतची मुरमाची वाट सुचवतो. ती जवळजवळ सपाट आहे, वाहने क्वचित येतात आणि पाण्यामुळे हवा गार राहते. कालवा बारमाही वाहत नाही. सिंचनाचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडले जाणारे पाणी, सुटले की तो भरून वाहू लागतो आणि त्या दिवसांत, विशेषतः जेथे शेतकऱ्यांचे पाट फुटतात तेथे, भराव निसरडा होतो. आवर्तन चालू आहे की नाही हे आमच्याकडे आदल्या दिवशी विचारावे. कालव्याचे काठ तिरपे व गुळगुळीत असल्याने आत पडलेल्या माणसाला, तो पट्टीचा पोहणारा असला तरी, बाहेर येणे अवघड जाते. म्हणून पाय धुण्यासाठीसुद्धा काठाशी उतरू नये आणि या वाटेवर मुलांना एकटे सोडू नये.

पसरणी घाट आणि पाचगणी

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट चढून जाणे ही अनेकांची जुनी इच्छा असते. दहा-बारा किलोमीटरच्या अंतरात सुमारे सहाशे मीटरची चढण होते आणि प्रत्येक वळणावर खाली धोमचे पाणी व वाईचे खोरे अधिकाधिक उलगडत जाते. घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. एवढे असूनही हा घाट आम्ही सरसकट सुचवत नाही, कारण महाबळेश्वरकडे जाणारी बहुतेक वाहने याच रस्त्याने जातात, कठड्यालगत पायी चालण्यापुरतीही जागा अनेक ठिकाणी नाही, आणि शनिवार-रविवारी सकाळी आठनंतर तेथे धावणे म्हणजे धुराचा प्राणायाम होय. मंगळवार ते गुरुवार, उजाडता निघून, फक्त चढ धावावा; उताराला आमची गाडी वर येऊन आपल्याला परत आणील. मोठा उतार धावत उतरल्याने मांड्या व गुडघे दुसऱ्या दिवशी किती दुखतात, हे अनुभवींना ठाऊकच आहे.

पाचगणीचे टेबललँड हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार आहे. घोडेवाले येण्यापूर्वी तेथे सावकाश फेरी मारणे सुखाचे असते. पावसाळ्यात मात्र ओला जांभा साबणासारखा निसटतो आणि धुक्यात पठाराची कड दिसत नाही. त्या महिन्यांत त्याऐवजी पाचगणीहून पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून ओळखल्या जाणाऱ्या भिलारपर्यंत जावे. अंतर पाच-सहा किलोमीटर आहे आणि हिवाळ्यात वाटेवर स्ट्रॉबेरीची शेते लागतात.

कासच्या पठाराविषयीही विचारणा होते. ते सातारा शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असून २०१२ पासून जागतिक वारशात समाविष्ट आहे. फुलांच्या हंगामात तेथे प्रवेश मर्यादित असतो आणि पायवाट सोडून पाऊल टाकणे म्हणजे फुले चिरडणे. त्यामुळे ते चालत पाहण्याचे ठिकाण आहे, धावण्याचे नव्हे.

ऋतू, वाहने आणि जनावरे

दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेपासूनच रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही, आणि बाहेर लोंबणारा ऊस रस्त्याच्या कडेवरून झाडू फिरवल्यासारखा जातो. समोरून येणारे वाहन दिसेल अशा उजव्या बाजूने धावावे, आणि ट्रॅक्टर दिसताच रस्त्याखाली उतरून थांबावे. कानांत गाणी लावून धावण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीची यात्रा असल्याने मांढरदेवीला जाणाऱ्या घाटाकडे त्या दिवसांत फिरकू नये.

पश्चिम सातारा भागात बिबट्याचा वावर आहे. पूर्ण उजाडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर उसाच्या फडालगत एकट्याने धावू नये. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळणे थांबवून चालू लागावे, त्यांच्याकडे रोखून पाहू नये. धनी जवळ असला तर ‘रामराम’ म्हणावे, तो कुत्र्याला हाक मारतो आणि प्रश्न तेथेच मिटतो. कडेकपारीला आग्या मधमाश्यांची मोहोळे असतात, म्हणून घाटाकडे जाताना अत्तर किंवा उग्र सुगंधी द्रव्ये लावू नयेत.

पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात चहा, केळी आणि गूळ-शेंगदाणे तयार असतात. भाकरी व पिठल्याची न्याहारी परतल्यावर मिळेल. निघण्यापूर्वी दाराजवळच्या फळ्यावर आपले नाव, मार्ग आणि परतण्याची अंदाजे वेळ खडूने लिहावी. त्या वेळेनंतर अर्धा तास उलटला तर आमचा माणूस दुचाकी घेऊन त्याच रस्त्याने निघतो, त्यामुळे वाटेत बेत बदलल्यास एक फोन अवश्य करावा आणि परतल्यावर फळ्यावरचे नाव स्वतः पुसावे.