पारांग: ओळख, वापर आणि निगा

पारांग म्हणजे मलय लोकांच्या आणि बोर्निओ बेटावरच्या दायाक आदिवासींच्या घरांतला रोजच्या वापरातला कोयता. बोर्निओत मलेशियाच्या सारावाक राज्यातले इबान शेतकरी, म्हणजे दायाकांपैकीच एक जमात, डोंगरउतारावर भात पेरण्याआधी झुडपं तोडतात ती यानेच. नारळ फोडणं, दुरियानचं काटेरी फळ उघडणं, वेत चिरणं, ही कामंही त्याचीच. शिंगाच्या कोरीव मुठीचा मांडाऊ हे दायाकांचं मानाचं शस्त्र. त्याच्या लढायांच्या गोष्टी ऐकून लोक पारांगलाही बिचकतात, ते आम्हाला पटत नाही. हे कष्टाचं अवजार आहे.

पातं मुठीकडे अरुंद आणि पुढे रुंद, जड होत जातं. म्हणून घाव पुढच्या रुंद भागाने, तिरका घाला. ताकद लावू नका, पात्याच्या वजनाला काम करू द्या. पातळ पातं लाकडात रुतून बसतं. पारांगची धार कुऱ्हाडीसारखी दोन्ही अंगांनी फुगीर असल्याने ते फांदीतून मोकळं सुटतं. मुठीजवळची धार खुंट्या तासायला, टोकाची धार सोलायला. टोक कधीही जमिनीत खुपसू नका.

म्यानातून काढताना मात्र फार जपा. लाकडी म्यान दोन फळ्यांचं असतं आणि धार त्या फटीतून बाहेर येऊ शकते. म्यान मुठीत आवळून धरलं तर बोटं कापतात. धारेच्या बाजूला बोटं येऊ न देता, म्यान पाठीकडून धरा आणि पातं पाठीवर टेकवत सावकाश ओढा.

पारांग बहुधा गाडीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवतात. आपले लोहारही कोयत्याला तेच पोलाद वापरतात. ते गंजतं. चीक लागला की लगेच पुसा, कोरडं करा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. धार दगडावरच लावा आणि फुगीरपणा राखा. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही.

शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब पात्यांचा उल्लेख आहे. शेती आणि घरकामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तरी शेतावर नेताना पारांग म्यानात घालून, गोणपाटात गुंडाळून न्या. कमरेला लावून बाजारात फिरू नका.

मूठ हलू लागली तर काम तिथेच थांबवा. खिळा ठोकू नका. आमच्याकडे आणा, राळ वितळवून पुन्हा पक्की बसवून देऊ.