विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचे नियम

विद्यापीठातील विद्यार्थी आपले प्रतिनिधी मतदानाने निवडतात तेव्हा मतदार कोण, उमेदवार कोण होऊ शकतो, प्रचार कुठवर करायचा, मते कशी मोजायची आणि तक्रार कोणाकडे न्यायची, हे आधी लिहून ठेवणारी नियमावली. तिची खरी पारख हरलेल्या उमेदवाराच्या जागी उभे राहून करावी लागते. याद्या, नोंदी आणि मतपत्रिका पाहून ‘मी खरोखरच हरलो’ अशी खात्री त्याला करून घेता आली, तर नियम चांगले. पुढे आलेला जवळजवळ प्रत्येक नियम या एका गरजेतून निघालेला आहे.

या निवडणुका सार्वत्रिक निवडणुकांची छोटी प्रतिकृती समजल्या जातात, पण त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. दरवर्षी मतदारांचा मोठा हिस्सा बदलतो, त्यामुळे मागच्या वेळी काय घडले हे सांगणारे फारसे कोणी उरत नाही. उमेदवार, निवडणुकीचे काम पाहणारे आणि मोजणीला बसलेले विद्यार्थी एकमेकांचे वर्गमित्र किंवा वसतिगृहातले सोबती असतात. ज्या प्रशासनाला परिषदेने प्रश्न विचारायचे, त्याच प्रशासनाच्या हाती विद्यार्थ्यांची यादी, सभागृह आणि निधी असतो. शिवाय पदाची मुदत बहुधा एकाच वर्षाची. तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांनी लागला, तर तो बरोबर असूनही कोणाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

पार्श्वभूमी

मध्ययुगात इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे विद्यार्थी आपल्यातूनच रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, निवडत आणि त्याचा अधिकार अध्यापकांवरही चाले. आजच्या नियमांचा कायदेशीर पाया मात्र अलीकडचा आहे. ब्रिटनमधील १९९४ च्या शिक्षण कायद्याने विद्यार्थी संघाची प्रमुख पदे सर्व सभासदांच्या गुप्त मतदानाने भरावीत असे ठरवले, आणि निवडणूक निष्पक्षपणे व रीतसर होते आहे याची खात्री करून घेण्याची जबाबदारी विद्यापीठाच्या नियामक मंडळावर टाकली. विद्यार्थी संघातील पूर्णवेळ किंवा पगारी निर्वाचित पदावर एका व्यक्तीला एकूण दोन वर्षांहून अधिक काळ राहता येत नाही, हीही त्याच कायद्यातली तरतूद.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला आणि २२ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने न्यायालयाने त्यातील शिफारशी लागू करायला सांगितल्या. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याखाली वर्ग प्रतिनिधी परीक्षेतील गुणांवरून ठरत. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट मतदानाची तरतूद पुन्हा आणली. गुणांवरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत शांततेची असली, तरी तिच्यात मूळ गोष्टच हरवते. परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला वर्गाने आपली बाजू मांडायला सांगितलेले नसते, आणि त्याने ती मांडली नाही तर त्याला बदलण्याचा अधिकारही वर्गाकडे नसतो.

निवडणूक कोणी घ्यावी

काही विद्यापीठांत प्रशासन निवडणूक अधिकारी नेमते. काही ठिकाणी विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग असतो. दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठ हे दुसऱ्या पद्धतीचे ठळक उदाहरण. तिथे विद्यार्थ्यांनी निवडलेली समितीच सगळी प्रक्रिया चालवत आली, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांची खुली वादसभा हा त्या निवडणुकीचा सर्वांत लोकप्रिय भाग ठरला. लिंगडोह समितीच्या शिफारशींशी ही पद्धत जुळत नाही म्हणून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या निवडणुकीला स्थगिती दिली. काही अटी शिथिल झाल्यावर मार्च २०१२ मध्ये मतदान पुन्हा झाले.

दोन्ही पद्धती चालू शकतात, मात्र काही अटी दोघींनाही सारख्याच लागू पडतात. आयोगाचा सदस्य त्या वर्षी उमेदवार, सूचक किंवा प्रचारक नसावा. मावळत्या परिषदेने आयोग नेमायचा असेल, तर तो उमेदवारी अर्ज मागवण्याच्या पुष्कळ आधी नेमावा, म्हणजे कोण उभे राहणार हे पाहून माणसे निवडता येणार नाहीत. नियमांतील दुरुस्ती पुढच्या निवडणुकीपासून लागू व्हावी, चालू निवडणुकीत कधीही नाही, मग ती दुरुस्ती कितीही चांगली असो. ही शेवटची अट सर्वांत जास्त वेळा मोडली जाते, कारण मोडणाऱ्याचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो.

मतदार यादी आणि उमेदवारी

आधी प्रारूप यादी, मग हरकतींसाठी काही दिवस, मग अंतिम यादी, हा क्रम सर्वत्र सारखा आहे. वाद होतात ते कडेच्या नावांवरून: उशिरा प्रवेश घेतलेले, दूरस्थ अभ्यासक्रमाचे, शुल्क थकलेले, प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणारे. या प्रत्येक गटाबद्दल नियमात एक स्पष्ट वाक्य हवे. ते नसेल तर मतदानाच्या दिवशी टेबलावर बसलेला माणूस निर्णय घेतो, आणि तो प्रत्येकासाठी सारखाच असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

उमेदवारासाठी लिंगडोह समितीने वयाची मर्यादा घातली (पदवीसाठी १७ ते २२ वर्षे), किमान ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली हजेरी मागितली, त्या वर्षी कोणताही विषय राहिलेला नसावा असे सांगितले, आणि पदाधिकारी होण्यासाठी एकदाच व कार्यकारिणी सदस्यत्वासाठी दोनदाच उभे राहण्याची मुभा दिली. वर्षानुवर्षे नावापुरता प्रवेश घेऊन आवारात राजकारण करणाऱ्यांना रोखणे हा उद्देश योग्यच होता. पण पात्रतेच्या अटी जितक्या वाढतात तितका मतदाराचा निवडीचा हक्क आकसतो. नोकरी सांभाळून शिकणारी, आजारपणात वर्ष गेलेली किंवा उशिरा शिक्षणाकडे परतलेली विद्यार्थिनी हजेरीच्या आणि वयाच्या अटीत अडकते, आणि तिच्यासारख्यांचे प्रश्न मांडणारे कोणी उरत नाही. जी अट छाननीच्या टेबलावर कागद पाहून ठरवता येते तीच ठेवावी. ‘चांगली वर्तणूक’ यासारखी अट प्रशासनाला नको असलेला उमेदवार बाद करायला हमखास वापरता येते.

अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे आणि माघारीची मुदत संपण्यापूर्वी त्यावर दाद मागता यावी. एकच अर्ज उरला तर उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर करण्याचा प्रघात आहे. ब्रिटनमधील अनेक विद्यार्थी संघांत तसे होत नाही: मतपत्रिकेवर ‘नव्याने अर्ज मागवा’ असा पर्याय उमेदवारासारखाच छापलेला असतो आणि त्याला जास्त मते पडली तर निवडणूक पुन्हा घेतली जाते. धमकावून इतरांना माघार घ्यायला लावण्याचा मोह त्याने बराच कमी होतो.

प्रचार आणि खर्च

सर्वाधिक तक्रारी इथूनच येतात. विद्यार्थी उमेदवारांची आर्थिक परिस्थिती सारखी नसते. खर्चावर मर्यादा नसली तर घरची ऐपत किंवा बाहेरच्या पक्षाची मदत मते ठरवते. लिंगडोह समितीने प्रत्येक उमेदवाराला ५,००० रुपयांची मर्यादा घातली, निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब मागितला, छापील भित्तिपत्रके बंद करून फक्त हाताने केलेल्यांना नेमून दिलेल्या जागी परवानगी दिली आणि प्रचारात वाहने, ध्वनिक्षेपक व जनावरे वापरायला मनाई केली. अमेरिकेत सार्वत्रिक निवडणुकीतील उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालणे १९७६ पासून घटनाबाह्य मानले जाते. तरीही माँटाना विद्यापीठाच्या विद्यार्थी निवडणुकीतील १०० डॉलरची मर्यादा तिथल्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये वैध ठरवली. मर्यादा ओलांडून निवडून आलेल्या विद्यार्थ्याला त्याची जागा नाकारण्यात आली होती. ही निवडणूक शिक्षणाचाच भाग आहे, म्हणून विद्यापीठाला ती आखून देता येते, असा न्यायालयाचा रोख होता.

मर्यादेचा आकडा लिहिणे सोपे आहे. अवघड आहे ते काय मोजायचे हे ठरवणे. मित्राने फुकट करून दिलेली चित्रफीत, बाहेरच्या संघटनेने वाटलेले टी-शर्ट, समाजमाध्यमावर पैसे देऊन पसरवलेली जाहिरात, यांची बाजारभावाने किंमत धरून ती उमेदवाराच्या खर्चात मिळवावी, असा नियम हवा. हिशेब निकालानंतर मागितला की तो विजेत्याला पाडण्यासाठीच वापरला जातो, म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी सर्वांचा अंतरिम हिशेब फलकावर लावणे चांगले. त्याहूनही परिणामकारक म्हणजे सर्वांना सारखी संधी विद्यापीठानेच देणे: सारख्या लांबीचे निवेदन, एकत्र छापलेली पुस्तिका, एकाच व्यासपीठावर प्रश्नोत्तरे. मग गरीब उमेदवारालाही प्रत्येक मतदारापर्यंत पोचता येते.

मावळत्या पदाधिकाऱ्यांचा अंगचा फायदा सहसा दुर्लक्षित राहतो. परिषदेचे अधिकृत खाते, ईमेल यादी, कार्यालय, निधीतून होणारे कार्यक्रम, हे सगळे अधिसूचनेच्या दिवसापासून प्रचारासाठी बंद असावे आणि खात्याचे पासवर्ड आयोगाकडे जमा व्हावेत.

मजकुरावर बंधने घालताना मात्र हात आखडता हवा. धमकी, जात, धर्म किंवा लिंगावरून केलेला हल्ला, आणि खोटे असल्याचे दाखवून देता येईल असे वैयक्तिक आरोप रोखणे गरजेचे आहे. ‘नकारात्मक प्रचारास बंदी’ असा सरसकट नियम मात्र घातक. मागच्या वर्षीचा निधी कुठे गेला हा प्रश्न नकारात्मकच असतो, आणि तोच विचारता आला नाही तर निवडणुकीला अर्थ उरत नाही. जागा, वेळ आणि आवाज यांवर कडक नियम, मतांवर कमीत कमी, ही विभागणी बहुतेक ठिकाणी टिकते.

आणि नियम प्रचार चालू असतानाच बजावले गेले पाहिजेत. दिल्ली विद्यापीठात २७ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले, पण प्रचारात भिंती आणि सार्वजनिक जागा विद्रूप झाल्यामुळे दिल्ली उच्च न्यायालयाने त्या स्वच्छ होईपर्यंत मोजणी थांबवली. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. छापील पत्रकांवरची बंदी कागदावर अनेक वर्षे होती. ती वेळेत बजावली गेली नाही, आणि त्याची शिक्षा रांगेत उभे राहून मत दिलेल्या हजारो विद्यार्थ्यांनाही भोगावी लागली.

मतदान

कागदी मतपत्रिकेची शिस्त जुनी आणि पारखलेली आहे. सुरुवातीला रिकामी पेटी सर्व प्रतिनिधींना दाखवून मोहोरबंद करणे, मतपत्रिकांवर अनुक्रमांक न घालता त्यांच्या स्थळप्रतींवर (मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या भागावर) घालणे, दिलेल्या, खराब झालेल्या आणि उरलेल्या मतपत्रिकांचा मेळ लावून त्या कागदावर प्रतिनिधींच्या सह्या घेणे. मतदान कक्षात मोबाइल नेऊ न देण्याचा नियम आता तितकाच महत्त्वाचा झाला आहे, कारण मतपत्रिकेचा फोटो हा मत विकल्याचा पुरावा म्हणून चालतो.

ऑनलाइन मतदानाने खर्च वाचतो आणि दूरच्या विद्यार्थ्यांना मत देता येते. पण गुप्तता सांभाळणे अवघड होते. वसतिगृहाच्या खोलीत चार सीनियर भोवती उभे असताना दिलेले मत यंत्रणेला मोकळेपणाने दिलेल्या मतासारखेच दिसते. एस्टोनियाच्या राष्ट्रीय निवडणुकांत इंटरनेटवरून दिलेले मत मुदतीत बदलता येते आणि शेवटचेच धरले जाते. ही सोय विद्यापीठांनीही घ्यावी, कारण दबावाखाली मत दिलेल्याला नंतर एकट्याने ते दुरुस्त करता येते. ओळख पटवण्याचा धोका वेगळा आहे. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या सॅन मार्कोस येथील निवडणुकीत २०१२ मध्ये एका उमेदवाराने आवारातील संगणकांना कळफलकाच्या नोंदी टिपणारी उपकरणे लावून ७०० हून अधिक विद्यार्थ्यांचे पासवर्ड चोरले आणि त्यांच्या नावाने स्वतःला मते दिली. एकाच संगणकावरून होणारी विचित्र हालचाल तंत्रज्ञांच्या लक्षात आली आणि त्याला पुढे एक वर्षाची कैद झाली. म्हणूनच केवळ पासवर्डवर न थांबता मोबाइलवर येणारा वेगळा संकेतांक मागावा, एका यंत्रावरून आलेल्या मतांच्या संख्येवर लक्ष ठेवावे, आणि मत दिल्याची सूचना मतदाराला त्याच क्षणी मिळावी.

मोजणी

एका पदासाठी तिघे उभे असतील आणि मते ४०, ३५ व २५ टक्के अशी पडली, तर साध्या पद्धतीत ४० टक्केवाला जिंकतो, उरलेल्या ६० टक्क्यांना तो अजिबात नको असला तरी. पसंतीक्रमाच्या मतदानात २५ टक्केवाला बाद होऊन त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार वाटल्या जातात. अनेक जागा एकदम भरायच्या असतील तेव्हा हा फरक फारच मोठा होतो. एका पॅनलला ४० टक्के मते असूनही ते साध्या बहुमताने सगळ्या जागा घेऊ शकते. एकल संक्रमणीय पद्धतीत, म्हणजे मतदाराचे एकच मत गरजेनुसार त्याच्या पुढच्या पसंतीकडे वळते त्या पद्धतीत, ३ जागांसाठी १,००० वैध मते असतील तर कोटा, म्हणजे निवडून यायला पुरेशी मते, २५१ मतांचा होतो, आणि अल्पसंख्य गटालाही आपल्या ताकदीइतकी जागा मिळते. परिषदेत निरनिराळ्या विद्याशाखांचा आणि वसतिगृहांचा आवाज हवा असेल, तर ही पद्धत शिकवायला लागणारा वेळ वाया जात नाही.

समसमान मते पडल्यास चिठ्ठी काढायची की फेरमतदान, आणि किती फरकाच्या आत फेरमोजणी मागता येते, हे अधिसूचनेतच असावे. किमान मतदानाची अट मात्र टाळावी. निम्म्या विद्यार्थ्यांनी मत दिले तरच निकाल वैध असे म्हटले, की हरण्याची भीती असलेल्या गटाला घरी बसणे हेच सर्वांत सोयीचे ठरते.

तक्रारी आणि शिक्षा

लिंगडोह समितीने सुचवलेल्या तक्रार निवारण कक्षात विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता, एक ज्येष्ठ अध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी आणि अंतिम वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी, असतात. निकालापासून तीन आठवड्यांत तक्रार द्यायची असते. कक्षाच्या निर्णयाविरुद्ध संस्थाप्रमुखाकडे दाद मागता येते.

शिक्षेच्या पायऱ्या आधी ठरलेल्या असाव्यात: लेखी समज, फलक काढायला लावणे, काही तास प्रचारबंदी, आणि शेवटी अपात्रता. फक्त अपात्रतेची एकच तरतूद असली, तर आयोग लहान चुकांकडे डोळेझाक करतो आणि मोठी चूक झाल्यावर कचरतो. समर्थकाच्या कृत्यासाठी उमेदवाराला कधी जबाबदार धरायचे हा कायमचा वाद आहे. उमेदवाराला ते माहीत होते, किंवा कळवूनही त्याने थांबवले नाही, याचा पुरावा मागणे रास्त; नाहीतर विरोधकच त्याच्या नावाचे फलक मनाई असलेल्या भिंतीवर लावून त्याला बाद करवू शकतात. आणि संपूर्ण निवडणूक रद्द करण्यापूर्वी झालेल्या गैरप्रकाराने निकाल बदलू शकत होता का, हे तपासावे. ३०० मतांनी जिंकलेल्याची जागा २० संशयास्पद मतांमुळे जाऊ नये. ती २० मते त्यानेच घडवून आणली असतील तर मात्र मतांचा फरक पाहण्याचे कारण नाही.

तक्रारीची मुदत आणि अपिले संपेपर्यंत मतपत्रिका, स्थळप्रती व यंत्रणेच्या नोंदी मोहोरबंद राहतात. त्यानंतर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर त्या नष्ट केल्या जातात. पद भरल्यानंतर आयोग एक अहवाल लिहितो, ज्यात केंद्रनिहाय आकडे, आलेल्या तक्रारी, दिलेले निर्णय आणि त्यांची कारणे असतात. तो ग्रंथालयात ठेवला जातो आणि पुढच्या वर्षीचा आयोग काम सुरू करण्याआधी तो वाचतो.