टॉवेल दाबायचे पैसे?

पंचवटीतल्या माझ्या मावशीची मागच्या वर्षी गुडघ्याची वाटी बदलली. म्हणजे सगळे असंच म्हणतात, वाटी बदलली. खरं तर वाटी बहुतेक जिथल्या तिथे असते, फार तर तिची आतली बाजू घासून त्यावर प्लास्टिकचं बटन बसवतात. बदलतात ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं, दोन्हीवर धातू चढवतात आणि मध्ये प्लास्टिकचा थर. असो, वाटी तर वाटी.

ऑपरेशन मस्त झालं, एक्स-रे बघून डॉक्टर खूश, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली आणि म्हणाली, "आजी, गुडघा न वाकवता पाय वर उचला." मावशीने दात-ओठ खाऊन जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, पण पाय गादीवरून बोटभरसुद्धा सुटेना. दुखत होतं म्हणून नाही बरं का, दुखणं बऱ्यापैकी आटोक्यात होतं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, हा पाय माझाच आहे ना?" मग त्या मुलीने एका टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली सरकवली आणि सांगितलं, गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा, परत दाबा. झालं, एवढाच व्यायाम. ती गेल्यावर मावशीचं सुरू, "टॉवेल दाबायचे पैसे घेतात का हे लोक? त्यापेक्षा तिला म्हणावं मशीन लाव, शेक दे."

मी अंबडला एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, डॉक्टर-बिक्टर नाही. पण मोटार फिरत नाही म्हटल्यावर आमच्यात कोणी आधी मोटार उघडून बसत नाही, आधी सप्लाय येतोय का बघतात, मग पॅनल, मग कुठला इंटरलॉक (सुरक्षेसाठी मोटार सुरूच होऊ न देणारा लॉक) अडकलाय का ते. मावशीचा पाय बघून माझ्या डोक्यात तेच आलं की शुक्रवारपर्यंत ही बाई जिना चढत होती (कण्हत, पण चढत होती) आणि सोमवारी पाय उचलत नाही, तीन दिवसांत स्नायू एवढा वाळत नाही हो. म्हणजे मोटार शाबूत आहे, सिग्नल कुठेतरी अडतोय. घरी येऊन वाचायला लागलो आणि अक्षरशः तसंच निघालं. त्याला आर्थ्रोजेनिक मसल इनहिबिशन म्हणतात, सांध्याने स्नायूला घातलेला लॉक म्हणा. तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगत सुटलोय, आता तुमची पाळी.

आधी एक करून बघा. जमिनीवर किंवा पलंगावर पाय लांब करून बसा, तळहात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर ठेवा आणि गुडघ्याची मागची बाजू खाली दाबा. मांडी कडक होते आणि वाटी सर्रकन वर, मांडीच्या दिशेने सरकते. तो क्वाड्रिसेप्स, मांडीचा पुढचा स्नायू. खुर्चीतून उठणं, जिना उतरताना धपकन न पडणं, भारतीय संडासात बसून परत उभं राहणं, सगळं याच्या जिवावर. मावशीच्या मांडीवर मी हात ठेवून बघितला होता, ती पूर्ण ताकद लावत होती आणि हाताखाली नुसती मऊ कणीक. आतल्या बाजूला वाटीच्या वर एक बारीकशी फडफड, पापणी फडफडते तशी, आली आणि गेली.

आता हा लॉक बसतो कसा ते बघू, इथे थोडं किचकट होईल, होऊ दे. गुडघ्याभोवती एक पिशवी असते, त्यात वंगणाचं पाणी असतं, चांगल्या गुडघ्यात चहाच्या एका चमच्यापेक्षाही कमी. त्या पिशवीच्या भिंतीत ताण मोजणारे बारीक सेन्सर असतात, म्हणजे नसांची टोकं. ऑपरेशन झालं, मार बसला, लिगामेंट तुटलं की आत पाणी भरतं, पिशवी ताणते, सेन्सर बोंब मारतात. ही बोंब मेंदूपर्यंत जाऊन मग निर्णय होतो असं नाही, ती मणक्यातल्या मज्जारज्जूतच पोचते आणि तिथे मधल्या काही पेशी, ज्यांचं काम दाबून धरणं हेच आहे, त्या चेतवल्या जातात, आणि मग क्वाड्रिसेप्सला हुकूम देणाऱ्या ज्या पेशी आहेत, मोटर न्यूरॉन, त्यांच्यावर ब्रेक लागतो. म्हणजे वरून मेंदू "उचल" म्हणून ओरडतोय, पण खाली पॅनलमध्येच रिले पडलाय, म्हणजे लाइन तोडणारा स्विच. तुम्ही कितीही मनाने जोर लावा, निम्मा सिग्नल वाटेतच मरतो. गंमत म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंना सहसा हा त्रास एवढा होत नाही, म्हणून गुडघा वाकलेला राहायला बघतो आणि सरळ होताना रडतो.

हे दुखण्यामुळे होतं असं आधी वाटायचं. पण १९६५ साली डिआंद्रादे, ग्रँट आणि डिक्सन यांनी दाखवलं की गुडघ्याच्या आत नुसता द्रव भरून सांधा फुगवला तरी स्नायू सुस्तावतो. १९८४ मध्ये स्पेन्सर आणि मंडळींनी चांगल्या धडधाकट गुडघ्यांत थोडं थोडं सलाईन सोडून मोजलं, तर क्वाड्रिसेप्सचा वाटीच्या आतल्या बाजूचा भाग फक्त २० ते ३० मिलिलिटरला दबला, आणि त्याच्या बाकीच्या भागांना ५० ते ६० लागले. २० मिलिलिटर म्हणजे कफ सिरपची दोन झाकणं! एवढी सूज बाहेरून धड कळतही नाही, "थोडंसं फुगलंय, चालायचंच" म्हणून आपण सोडून देतो.

आणि हा आकडा मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या मिझनर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गुडघा बदललेल्या पेशंटांची ऑपरेशनआधी आणि साधारण महिन्यानंतर ताकद मोजली. मांडीची ताकद ६२ टक्क्यांनी घसरली होती. स्नायूची जाडी किती घटली? १० टक्के. बाकीची ताकद कुठे गेली मग? त्यांनी टेस्ट अशी केली की पेशंटला म्हणायचं, पूर्ण जोर लाव, आणि तो लावत असतानाच मांडीवरच्या इलेक्ट्रोडमधून करंटचा छोटा फटका द्यायचा. स्नायू खरंच पूर्ण चालू असेल तर फटक्याने काही वाढणार नाही, आणि ताकद एकदम उसळली तर समजायचं की स्नायूत शिल्लक होती, सप्लाय येत नव्हता. आम्ही स्टार्टर बायपास करून मोटारीला डायरेक्ट देऊन बघतो ना, तसंच हुबेहूब. उसळली. ताकद जाण्यात स्नायू वाळण्यापेक्षा या सप्लाय तुटण्याचा वाटा जवळजवळ दुप्पट निघाला.

मग टॉवेल कशाला ते आता कळेल. तो मांडी कमावायचा व्यायाम नाहीच मुळी, पहिल्या आठवड्यात तो मज्जारज्जूशी केलेला पत्रव्यवहार आहे. गुडघा न वाकवता, सांध्यावर फार दाब न आणता, परत परत तोच हुकूम पाठवायचा, हाताने स्नायू चाचपून बघायचा, आला का, आला का. ती मुलगी मावशीच्या मांडीवर बोटांनी टकटक करायची आणि म्हणायची इथे आणा, इथे, तेव्हा मला वाटायचं काय पोरखेळ आहे. दोन्ही पायांनी एकदम दाबायला लावायची तेही असंच नाही. येल विद्यापीठात १८९४ मध्येच स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की एकाच हाताला व्यायाम दिला तरी दुसऱ्या, आराम करणाऱ्या हाताची ताकद पण थोडी वाढते. दुसऱ्या हातात स्नायू वाढलेला नसतो, वाढतं ते वरचं वायरिंग. म्हणून एक पाय प्लास्टरमध्ये असला तरी शहाणा फिजिओ दुसऱ्या पायाला सुट्टी देत नाही.

लॉक सोडवायचे आणखी दोन मार्ग आहेत. एक बर्फ. फुगलेल्या गुडघ्यावर व्यायामाच्या आधी बर्फ ठेवला की सेन्सरची बोंब कमी होते आणि थोडा वेळ स्नायू जास्त मोकळा होतो, त्याच वेळात व्यायाम उरकायचा. आणि आपल्याकडे ताज्या सुजलेल्या गुडघ्याला शेक द्यायची हौस! दुसरा म्हणजे करंटचं मशीन, पण कुठलंही नाही. मांडी खरोखर आवळून कडक होईल एवढा करंट देणारं, स्नायू स्टिम्युलेटर म्हणतात ते, ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर ताकद लवकर परत येते असं अभ्यासांत दिसलंय. नुसत्या मुंग्या येतात ते मशीन दुखणं जरा कमी करेल, ते लावून पेपर वाचत पंधरा मिनिटं पडून राहिलं की मांडी काही कमावली जात नाही. "फिजिओ घेतोय" म्हणणारे निम्मे लोक हेच घेत असतात.

आणि भेंडी. भेंडीचं पाणी रात्री भिजवून सकाळी प्या, बुळबुळीत असतं, गुडघ्याचं वंगण तयार होतं, हा मेसेज मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आठवड्याला एकदा येतो. अरे, ते बुळबुळीत पोटात जातं, तिथून आतड्यात जातं, तिथल्या जंतूंच्या तोंडी लागतं. गुडघ्याला पोटातून पाइपलाइन नाहीये. वंगण गुडघ्याच्या पिशवीचं अस्तर स्वतः बनवतं. आणि वंगण "संपलं", "गॅप पडला" म्हणून जे पाय उचलायचे बंद करतात त्यांचं तर उलटंच होतं, कारण कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्याच नसतात, स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होतं तसं हालचालीनेच तिला खाऊ मिळतो.

लॉक सुटला की मग मात्र वजन. इथे लोक उलटी चूक करतात, टॉवेलच दाबत बसतात सहा महिने. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक हॉस्पिटलात महिनोन्महिने हलके हलके व्यायाम करत पडलेले असायचे. शिकागोतला तरुण डॉक्टर थॉमस डिलॉर्म स्वतः वजनं उचलणारा गडी, त्याने त्यांच्या पायाला लोखंडी वजनं बांधली आणि दर आठवड्याला वाढवत नेली, १९४५ मध्ये त्यावर पेपर लिहिला. १९४८ मध्ये त्याने आणि वॉटकिन्सने ते सुटसुटीत केलं, दहाचे तीन सेट, पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. तुमच्या फिजिओने कागदावर "१० × ३" लिहून दिलंय ना, ते तिथून आलंय, जिमवाल्यांनी पण तिथूनच उचललंय.

धडधाकट माणसालाही हे लागू आहे. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे अख्खं नाशिक फिरतं आणि नंतर मिसळीला जातं (मी पण), पण जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम तर सांगतेच, वर दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते आणि पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळायचेही. हे दुसरं-तिसरं कोणी करत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा करून बघा, कळेल.

एक गोष्ट राहिली. ऑपरेशननंतर पोटरी अचानक सुजली, दुखली, लाल-गरम झाली तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरला गाठायचं, शिरेत गुठळी असू शकते. नेटवर वाचून टॉवेल दाबत बसू नका, माझं वाचून तर नाहीच नाही. आणि ते शिकलेले लोक आहेत हो. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजांची डिग्री आपल्याच म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि आपल्याच गावात त्यांना मालिशवाले समजतात.

मावशीला मी हे सगळं मज्जारज्जूसकट समजावलं, तिने जांभई दिली. मग म्हटलं, "मावशी, दिंडोरीला तुझ्या माहेरी द्राक्षाला पाणी भरायचं असतं, विहिरीत पाणी आहे, मोटार चांगली आहे, पण थ्री फेज नाही, तर मोटार बदलून काय होणार?" तेव्हा तिच्या डोळ्यात उजेड पडला. अकराव्या दिवशी पाय गादीवरून वीतभर सुटला, थरथरत, पण गुडघा सरळ. तिने घरभर हाका मारल्या. परवा शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं, "अहो, तुमचं वंगण-बिंगण काही नाही, तुमची थ्री फेज गेलीये." काकूंचा फक्त खांदा दुखत होता. आणि भेंडीचं पाणी अजून चालूच आहे. म्हणते, असू दे रे, त्याने काय बिघडतंय.