‘पिकल्यावर काढू’: मोतीबिंदूविषयीच्या एका समजुतीची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग, नंदलालपुऱ्यातील मराठी घरांत आजी-आजोबांना धूसर दिसू लागले की आजही ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू’ असे म्हटले जाते. ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. एके काळी डॉक्टरच तसा सल्ला देत असत आणि त्यांच्यापाशी त्याला सबळ कारणे होती.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, डोळ्याचा वेध घेण्याची जी कृती सांगितली आहे, तिच्यात रुग्णाने स्वतःच्या नाकाकडे पाहावे, उजव्या डोळ्यासाठी वैद्याने डावा हात वापरावा आणि नंतर रुग्णाने शिंक, खोकला, ढेकर आवरावी, इतके बारकावे आहेत. शलाकेने गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून खाली ढकलण्याची पद्धत आपल्याकडे शतकानुशतके चालली. भिंग डोळ्यातच राही.

ते बाहेर काढण्याची रीत फ्रेंच शल्यचिकित्सक झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये सुरू केली आणि ‘पिकण्या’चा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथून महत्त्वाचा ठरला. कच्च्या मोतीबिंदूत भिंगाचा चिकट भाग मागे राहून डोळ्याला सूज येई. पूर्ण पांढरा झालेला मोतीबिंदू मात्र स्वच्छ निघे. पुढे भिंग आवरणासकट काढले जाऊ लागले, तेव्हा ही अडचण मागे पडली, पण दुसरी उभी राहिली. भिंग गेलेल्या डोळ्याला सुमारे १० नंबरचा जाडजूड चष्मा लागे आणि त्यातून वस्तू जवळजवळ पाव पटीने मोठी दिसे. असा चष्मा लावलेली माणसे चहा कपाबाहेर ओतत आणि जिन्याची पायरी पायाने दोनदा चाचपत. एका डोळ्याने बरे दिसत असताना दुसऱ्याची शस्त्रक्रिया केली, तर लहान-मोठ्या अशा दोन प्रतिमा जुळतच नसत. त्यामुळे दोन्ही डोळे पुरते अधू होईपर्यंत थांबणे हाच त्या काळी शहाणपणा होता.

हे गणित बदलले ते कृत्रिम भिंगाने. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स या प्लास्टिकचे, कण शरीर सहन करते, हे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले आणि १९४९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी तशाच द्रव्याचे भिंग डोळ्यात बसवले. भारतात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, तरी भिंग सामान्यांच्या आवाक्यात आले ते मुख्यतः नव्वदच्या दशकात. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवली आणि १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मोतीबिंदू प्रकल्पाच्या सात राज्यांत मध्य प्रदेशही होता.

आता तर पिकू देण्यातच धोका आहे. भिंग कडक झाले की ध्वनिलहरींनी ते फोडणे अवघड जाते. फुगले तर डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. शिवाय दाट मोतीबिंदूआडून डोळ्याचा पडदा तपासता येत नाही, त्यामुळे मधुमेहाने झालेली इजा किंवा पीतबिंदूची (पडद्याच्या मधल्या भागाची) झीज नजरेआड राहते.

सर्वांत मोठी फसगत काचबिंदूची होते. जुन्या वैद्यकात ‘काच’ ही तिमिर (नजर अंधुक होणे) आणि लिंगनाश (नजर जाणे) यांच्यामधली, मोतीबिंदूच्याच वाटेवरची अवस्था मानली जाई. काचबिंदूत दृष्टिमज्जा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, झिजते, हे १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र केल्यानंतरच उलगडत गेले. मोतीबिंदू काढल्यावर नजर परतते. काचबिंदूने गेलेली नजर, जी बहुधा आधी बाजूची जाते, परतत नाही, आणि घरच्यांना दोन्हींचे धूसरपण सारखेच वाटते.

माझ्या आजीने पिकण्याची वाट तीन वर्षे पाहिली. शस्त्रक्रियेनंतर तिला समोरच्या तुळशीचे पान न् पान दिसू लागले, पण बाजूने येऊन उभा राहिलेला माणूस तिला हाक मारेपर्यंत कळत नसे.