वाडा पाडायचा, पण भेगा कधी मारायच्या?

नाशकात थ्रीडी शिकणाऱ्या पोरांचा जुन्या गावातला वाडा मॉडेल करून झाला की पुढची हौस ठरलेली, तो स्क्रीनवर पाडून बघायचा. वाद एवढाच, भेगा आधीच मारून ठेवायच्या की मार बसल्यावर पडू द्यायच्या. हूडिनी नाहीतर ब्लेंडर ही थ्रीडीची सॉफ्टवेअर असली की आज ते सहज जमतं, पण त्यामागे बरीच वर्षं गेलीत. १९८८ ला वाकणाऱ्या-फाटणाऱ्या वस्तूंचं गणित मांडलं गेलं, १९९१ ला स्प्रिंगांनी बांधलेल्या ठोकळ्यांची किटली फोडून झाली. मोठी उडी १९९९ ची. वस्तूचे चार बाजूंचे बारीक तुकडे (चतुष्फलक) करायचे, आतला ताण मोजायचा आणि तो हद्दीबाहेर गेला की तिथेच मेश, म्हणजे या तुकड्यांची जाळी, चिरायची, भेग कुठून जाईल ते फिजिक्स ठरवणार. २००२ ला हेच तुटण्याआधी वाकणाऱ्या वस्तूंपर्यंत गेलं, म्हणजे तांब्याच्या हंड्यासारखं, आधी पोचा येणार आणि फारच झालं तर फाटणार.

पण स्टुडिओत रुळलं ते भलतंच, प्री-फ्रॅक्चर, म्हणजे पाडण्याआधीच तुकडे करून ठेवणं. भिंतीत पॉइंट विखरायचे, जो भाग ज्या पॉइंटला जवळ तो त्याचा, झाले व्होरोनॉयचे तुकडे, मग ते ग्लू, म्हणजे सॉफ्टवेअरमधला खोटा डिंक, लावून चिकटवायचे आणि धक्का बसला की ग्लू सुटतो, बाकी नुसतं रिजिड बॉडी, म्हणजे न वाकणारे तुकडे आपटत पडतात. भेगा आधीच मारलेल्या, म्हणून याला चीटिंग म्हणणारे आजही आहेत. मला ते अजिबात पटत नाही, कारण डायरेक्टरला तुळई हिरोच्या डावीकडेच पडायला हवी असते आणि खरं फिजिक्स ते कशाला ऐकेल, शिवाय ते चालवायचं म्हणजे मशीन अडकून पडणार. खरी तक्रार वेगळीच आहे, व्होरोनॉयचा तुकडा सपाट बाजूंचा आणि बहिर्गोल, म्हणून वीट, काच, सागवान सगळंच खडीसाखरेसारखं फुटतं. त्यावर उपाय आहेत, आतल्या बाजूंना नॉइज देऊन खडबडीत करा, तुकड्यांचे क्लस्टर, म्हणजे गट, करा, लाकडासाठी पॉइंट रेषांच्या दिशेने ताणा. २०१८ च्या हूडिनी १७ मध्ये तर काँक्रीट, काच, लाकूड यांचे वेगळे प्रकार असलेलं टूलच आलं, तरी पोरं डिफॉल्टवरच थांबतात!

गेममध्ये २००८ पासून चालू खेळात ताण मोजून फोडणं दिसलं. २०१३ ला मधला रस्ता निघाला, भेगांचा पॅटर्न आधीच तयार ठेवायचा पण जिथे मार बसेल तिथे आणून लावायचा. म्हणजे आधी की नंतर हा वाद तिथे निम्मा मिटलाच. २०१९ पासून कणांवर चालणारं फ्रॅक्चर आलंय, त्यात मेश चिरायची भानगड नाही, पण वाड्याएवढ्या शॉटला अजून ग्लूच परवडतो.